पहिल्यांदा चीनला जाताय? बीजिंग ते शिआन, एकाच रेल्वेमार्गावरची सहल

चीनच्या पहिल्या सहलीचा आपल्याकडचा साचा ठरलेला असतो. बीजिंग, शिआन, शांघाय, जमलं तर ग्वांगझो आणि हाँगकाँग, आणि हे सगळं आठवडाभरात. त्यात विमानतळ आणि बसगाड्याच जास्त बघून होतात. माझा सल्ला वेगळा आहे. पहिल्या खेपेला बीजिंगहून शिआनला जाणारा एकच जलद रेल्वेमार्ग धरा आणि वाटेत दोनदा उतरा.

या मार्गावर शिजियाझुआंगला सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी आहे. पुढे लुओयांगला लेणी आहेत, आणि भारतातून गेलेल्या भिक्षूंसाठी बांधलं गेलं असं मानलं जाणारं मंदिरही. शेवटी शिआन. सातव्या शतकात महाराष्ट्रात येऊन गेलेल्या ह्युएन त्संग या चिनी भिक्षूने आपल्या पोथ्या जिथे ठेवल्या, तो मनोरा तिथे आजही उभा आहे. मराठी माणसाला चीन समजून घ्यायला इतका चांगला रस्ता दुसरा नाही, असं मला मनापासून वाटतं. दहा-बारा दिवसांत तो आरामात होतो.

मात्र या देशात जाण्याआधीची तयारी फार महत्त्वाची आहे. फोन, पैसे आणि पासपोर्ट या तीन गोष्टी घरीच नीट लावल्या तर तिथे गेल्यावर सगळं सोपं होतं. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

कधी जायचं

आधी कधी जायचं नाही ते बघा. १ ते ७ ऑक्टोबर ही त्यांच्या राष्ट्रीय दिनाची मोठी सुट्टी असते. त्या आठवड्यात चीनची भिंत माणसांनी भरून जाते आणि रेल्वेची तिकिटं मिळत नाहीत. तीच गत चिनी नववर्षाची. ते चांद्र पंचांगाप्रमाणे जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत येतं. तेव्हा सगळा देश गावी निघालेला असतो आणि शहरातली छोटी दुकानं, खानावळी बंद असतात. आपल्याकडे महाराष्ट्र दिनाची सुट्टी असते, त्याच १ मेपासून तिकडे कामगार दिनाची सलग सुट्टी लागते. शाळांच्या उन्हाळी सुट्टीत जाणार असाल तर मेचा पहिला आठवडा जाऊ द्या आणि मग निघा. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन, पाऊस आणि त्यांच्या शाळांची सुट्टी, तिन्ही एकदम.

दिवाळीची सुट्टी या मार्गासाठी उत्तम. बीजिंगची हवा तेव्हा थंड आणि कोरडी असते, गर्दी ओसरलेली असते, झाडं पिवळी झालेली असतात. रात्री पारा शून्याच्या जवळ जाऊ शकतो, तेव्हा स्वेटरवर भागणार नाही. कानटोपी आणि वारा अडवणारं जाड जॅकेट हवंच.

व्हिसा आणि विमान

चीनने अनेक देशांच्या नागरिकांना विनाव्हिसा प्रवेश दिला आहे. युट्यूबवर त्याचे व्हिडिओ बघून बऱ्याच जणांचा गैरसमज होतो. भारतीय पासपोर्टला ही सवलत नाही. दुसऱ्या देशात जाता जाता दहा दिवस थांबता येण्याची जी सोय आहे, तिच्या यादीतही भारत नाही. आपल्याला पर्यटक व्हिसा काढावाच लागतो. किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट, फोटो, विमानाचं आणि हॉटेलांचं बुकिंग, कुठल्या दिवशी कुठे असाल याचा तक्ता, एवढी तयारी ठेवा. तक्ता खरा द्या आणि त्याची एक प्रत जवळ बाळगा, उतरल्यावर विचारू शकतात. कागदपत्रांचे नियम बदलत राहतात, म्हणून अर्ज करायच्या दिवशी दूतावासाच्या संकेतस्थळावर एकदा बघून घ्या.

दोन गोष्टी ठळकपणे लक्षात ठेवा. हाँगकाँग आणि मकाऊ यांची प्रवेशव्यवस्था वेगळी आहे. मुख्य चीनमधून हाँगकाँगला गेलात की तुम्ही चीनमधून बाहेर पडलात असं धरलं जातं, आणि एकच प्रवेश असलेल्या व्हिसावर परत आत येता येत नाही. आणि तिबेटसाठी चिनी व्हिसा पुरत नाही, वेगळा परवाना लागतो आणि तो अधिकृत टूरबरोबरच मिळतो. पहिल्या खेपेला तो विषय बाजूला ठेवा.

भारत-चीन थेट विमानं २०२० पासून बंद होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये कोलकाता-ग्वांगझो उड्डाणाने ती पुन्हा सुरू झाली आणि पाठोपाठ दिल्लीहूनही. मुंबई-पुण्याच्या माणसाला बँकॉक, सिंगापूर किंवा हाँगकाँगमार्गे जाणं बरेचदा सोयीचं पडतं. बीजिंगला उतरून शांघायहून परतायचं, असं तिकीट बघा. मागे फिरावं लागत नाही. निघण्याआधी चीनचं आगमनपत्र ऑनलाइन भरून ठेवा. विमानातून उतरल्यावर रांगेत उभं राहून पेनाने भरण्यापेक्षा ते कितीतरी सोपं.

फोन घरीच तयार करा

चीनमध्ये गूगल, व्हॉट्सअ‍ॅप, युट्यूब, फेसबुक, इन्स्टाग्राम चालत नाहीत. म्हणजे हॉटेलच्या वायफायवर किंवा तिथल्या सिमवर चालत नाहीत. आपल्या भारतीय सिमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतलं, किंवा निघण्याआधी परदेशी कंपनीचं प्रवासी ई-सिम घेतलं, तर डेटा चीनबाहेरच्या जाळ्यातून जातो आणि हे सगळं सहसा नेहमीसारखं उघडतं. म्हणून तिथे जाऊन सिम घेण्याच्या भानगडीत पडू नका. भारतीय सिम फोनमध्येच राहू द्या, कारण बँकेचा ओटीपी त्याच्यावर येणार आहे. रोमिंगवर एसएमएस येतात ना, हे कंपनीला विचारून घ्या.

निघण्याआधी ही अ‍ॅप टाकून, खातं उघडून, पासपोर्टची माहिती भरून ठेवा: पैसे देण्यासाठी अलीपे, संदेश आणि पैसे दोन्हींसाठी वीचॅट, नकाशासाठी अमॅप, आणि भाषांतराचं एखादं अ‍ॅप, ज्यात चिनी भाषा ऑफलाइन उतरवून घेता येते. वीचॅटचं नवीन खातं उघडताना कधी कधी आधीच्या वापरकर्त्याकडून पडताळणी मागतात, म्हणून ते काम शेवटच्या रात्रीवर ठेवू नका. गूगलचा नकाशा उघडला तरी चीनमध्ये त्याच्यावर विसंबू नका. तिथल्या नकाशांची अक्षांश-रेखांशांची पद्धत वेगळी आहे, त्यामुळे तुमचा ठिपका शेजारच्या गल्लीत दिसतो. आयफोन असेल तर त्यातला स्वतःचा नकाशा तिथे चांगला चालतो.

हॉटेलचं नाव आणि पत्ता चिनी लिपीत, मोठ्या अक्षरांत, फोटो म्हणून फोनमध्ये साठवा. टॅक्सीवाल्याला रोमन लिपीतला पत्ता दाखवून उपयोग होत नाही. आणि पॉवर बँक. जून २०२५ पासून चीनच्या देशांतर्गत विमानांत फक्त त्यांच्या प्रमाणनाची सीसीसी खूण असलेलीच पॉवर बँक नेता येते. आपल्याकडच्या बहुतेकांवर ती खूण नसते आणि तपासणीत ती काढून घेतात. रेल्वेने फिरलात तर हा प्रश्न येत नाही. शिवाय जवळजवळ प्रत्येक खानावळीत आणि दुकानात पॉवर बँक भाड्याने मिळते, कोड स्कॅन करायचा आणि दुसऱ्या कुठल्याही दुकानात परत करायची. आपल्या गोल पिनांच्या चार्जरसाठी अ‍ॅडॅप्टर मात्र घरूनच न्या.

पैसे

भाजीवालीपासून मंदिराच्या दानपेटीपर्यंत सगळीकडे क्यूआर कोड. आपल्याला हे नवीन नाही, पण यूपीआय तिथे धरू नका. अलीपेमध्ये तुमचं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडायचं. त्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर सुरू करा, भारतात तो मुळात बंद असतो. शक्यतो दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं जोडा. एक अडलं तर दुसरं हाताशी राहतं. वीचॅटमध्येही एक जोडून ठेवा.

२०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला जादा आकार नाही, त्याहून मोठ्या व्यवहाराला ३ टक्के लागतो. तुमच्या बँकेचा परकीय चलनाचा आकार वेगळा. एका युआनला साधारण १२-१३ रुपये धरून हिशेब करा. थोडी रोकड, तीही दहा-वीसच्या नोटांत, जवळ असू द्या. दुकानदाराने रोकड घेणं कायद्याने अपेक्षित आहे, पण सुट्टे असतीलच असं नाही. टिप देण्याची पद्धत नाही. ठेवलीत तर वेटर पैसे विसरलात म्हणून मागे धावत येईल.

मेट्रोसाठी अलीपेमध्ये त्या त्या शहराचं प्रवासकार्ड सुरू होतं. फाटकावर कोड दाखवायचा, उतरताना पुन्हा दाखवायचा. बीजिंगमध्ये भाडं ३ युआनपासून सुरू होतं. टॅक्सीही अलीपेमधूनच, डीडी या सेवेवर बोलावता येते. चालकाशी बोलायची गरज पडत नाही, संदेश आपोआप भाषांतरित होतात. मेट्रोच्या प्रत्येक स्टेशनवर बॅगा तपासतात, त्याचा वेळ धरून निघा.

रेल्वे

तिकिटं साधारण पंधरा दिवस आधी खुली होतात. १२३०६ हे रेल्वेचं अधिकृत अ‍ॅप आहे आणि ते इंग्रजीतही आहे. पासपोर्टची पडताळणी होईपर्यंत थोडं थांबावं लागतं, म्हणून खातं लवकर उघडा. नाव पासपोर्टवर आहे तसंच, त्याच क्रमाने. कागदी तिकीट नसतं, पासपोर्ट हेच तिकीट.

चिनी स्टेशन विमानतळासारखं चालतं. आधी पासपोर्ट तपासणी, मग बॅगांची तपासणी, मग प्रतीक्षागृह. गाडीच्या आधी साधारण पंधरा मिनिटं फलाटाचं फाटक उघडतं आणि गाडी सुटायच्या काही मिनिटं आधी ते बंद होतं. धावत जाऊन गाडी पकडणं हा प्रकार नाही. तासभर आधी पोहोचा. स्वयंचलित फाटकाने पासपोर्ट वाचला नाही तर कडेला कर्मचारी असतो, त्याच्याकडे जा. एकाच शहरात अनेक मोठी स्टेशनं असतात. शिआनच्या गाड्या मुख्यतः बीजिंग पश्चिम स्टेशनवरून सुटतात आणि शांघायच्या बीजिंग दक्षिणवरून. टॅक्सी सांगताना स्टेशनचं पूर्ण नाव दाखवा.

दुसरा वर्ग पुरेसा चांगला असतो. प्रत्येक डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा नळ असतो. एक चांगला थर्मास न्या, चहाची पूड न्या. चिनी माणूस दिवसभर गरम पाणीच पितो आणि ते सगळीकडे फुकट मिळतं. नळाचं पाणी तसंच कुणी पीत नाही, तुम्हीही पिऊ नका.

बीजिंग

चार दिवस द्या. पहिल्या सकाळी लवकर उठून स्वर्गमंदिराच्या बागेत जा. फाटक सहाच्या सुमारास उघडतं. तिथे निवृत्त बायका-पुरुष ताइ-ची करतात, घोळक्याने गातात, जोडीने नाचतात, पिसांचा चेंडू पायाने उडवत ठेवतात, पत्ते कुटतात. तुम्ही उभे राहिलात तर हाताला धरून आत ओढतील. चीनच्या शहरी जीवनात मला सर्वांत आवडतं ते हेच. म्हातारपण घरात कोंडून न घेता बागेत आणणारी ही माणसं बघितली की हा देश जवळचा वाटायला लागतो. मग आतलं गोल प्रार्थनागृह बघा. मूळ इमारत १४२० सालची, आताची १८८९ च्या आगीनंतर पुन्हा बांधलेली. लाकडी खांबांच्या तीन फेऱ्या आहेत: मधले चार ऋतूंचे, त्याबाहेरचे बारा महिन्यांचे, सर्वांत बाहेरचे बारा दिवसाच्या प्रहरांचे. चांगलं पीक यावं म्हणून सम्राट इथे स्वतः प्रार्थना करायचा.

राजवाड्याचं, म्हणजे निषिद्ध नगरीचं तिकीट सात दिवस आधी ऑनलाइन खुलं होतं आणि भराभर संपतं. खिडकीवर मिळत नाही. सोमवारी बंद. एप्रिल ते ऑक्टोबर ६० युआन, एरवी ४०. शिरायचं दक्षिणेकडून, बाहेर पडायचं उत्तरेकडून, त्यामुळे दक्षिणेला टॅक्सी थांबवून ठेवण्यात अर्थ नाही. बहुतेक लोक मधल्या मोठ्या दालनांतूनच सरळ चालत जातात. तुम्ही डाव्या-उजव्या बाजूंच्या अंगणांत वळा, राण्यांची आणि नोकरचाकरांची वस्ती तिथे होती आणि गर्दीही कमी असते. बाहेर पडलात की समोरच्या जिंगशान टेकडीवर चढा. सगळ्या पिवळ्या छपरांची रांग तिथून एका दृष्टीत मावते, आणि शहर उत्तर-दक्षिण एका रेषेवर कसं बांधलं ते कळतं. या मध्यरेषेला २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळालं. तिआनआनमेन चौकात जायला वेगळी आगाऊ नोंदणी लागते, पासपोर्ट जवळ ठेवा.

चीनच्या भिंतीसाठी तिचा मुतियान्यूचा भाग निवडा. बादालिंगला जाणं सोपं आहे म्हणून तिथे लोटच्या लोट येतात. मुतियान्यूला वर जायला केबल कार आहे आणि खाली यायला घसरगाडी, मुलं असतील तर त्यांना तीच जास्त आवडेल. वर चढ-उतार आणि उंच पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी केबल कारने जाऊन दोन-तीन बुरुजांमधलंच अंतर चालावं, दृश्य तितकंच भव्य दिसतं.

उरलेल्या वेळात ढोल मनोऱ्याच्या आसपासच्या हुतोंग गल्ल्यांत पायी भटका आणि लामा मंदिरात जा. तिथे मैत्रेय बुद्धाची अखंड चंदनाच्या खोडातून कोरलेली मूर्ती आहे, जमिनीपासून १८ मीटर उंच. मुख्य अंगणात उदबत्त्या लावून वाकणारी तरुण मुलं-मुली बघून आश्चर्य वाटेल. परीक्षा आणि नोकरी हीच त्यांची मुख्य मागणी असते.

शिजियाझुआंग: कोटणीसांच्या गावी

बीजिंग पश्चिमहून जलद गाडीने सव्वा ते दीड तास. टूर कंपन्या इथे थांबत नाहीत, कारण पर्यटकांसाठी इथे काही नाही. आपल्यासाठी आहे. उत्तर चीनच्या हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत डॉ. कोटणीसांचा पुतळा आणि समाधी आहे. सोलापुरात १९१० साली जन्मलेला, मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेला हा मुलगा १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या भारतीय पथकाबरोबर चीनला गेला. जपानशी युद्ध पेटलं होतं. बाकीचे चौघे परतले, कोटणीस राहिले. आघाडीवर शस्त्रक्रिया केल्या, कॅनडाचे डॉ. बेथून यांच्या नावाच्या शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले, क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. त्याच आवारात कॅनडाच्या बेथून यांचीही समाधी आहे.

तिथे 'कोटणीस' म्हणून विचारू नका. चीनमध्ये त्यांना कं तीहुआ म्हणतात, हे नाव चिनी लिपीत फोनवर ठेवा. टॅक्सीवाला ते वाचून तुमच्याकडे वळून बघेल, आणि तुम्ही त्यांच्या प्रांतातले आहात हे कळलं तर गप्पा भाषांतराच्या अ‍ॅपवर का होईना सुरू होतील. फुलं घेऊन जा. सामान स्टेशनवरच्या सशुल्क सामानघरात ठेवलं तर चार-पाच तासांत हे करून पुढची गाडी पकडता येते. कृपा करून हा थांबा गाळू नका.

लुओयांग

शिजियाझुआंगहून साधारण तीन तास. उतरायचं ते लुओयांग लोंगमेन स्टेशनवर. इथून लोंगमेनची लेणी जवळ आहेत. इ.स. ४९३ च्या सुमारास नदीकाठच्या चुनखडीच्या कड्यात कोरायला सुरुवात झाली. दोन हजारांहून जास्त कोनाडे आणि गुहा, लाखभर लहान-मोठ्या मूर्ती. ६७५ मध्ये पूर्ण झालेला वैरोचन बुद्ध १७ मीटर उंच आहे. अजिंठा-वेरूळ पाहिलेल्या माणसाने इथे दोन गोष्टी न्याहाळाव्यात: आपल्या बसाल्टपेक्षा मऊ दगडामुळे आलेली बारीक कलाकुसर, आणि बुद्धाचा चेहरा उत्तरेकडे येता येता कसा चिनी होत गेला ते. अनेक मूर्तींची डोकी नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती तोडून परदेशी संग्राहकांना विकली गेली. दुपारी ऊन समोरच्या बाजूने येतं, म्हणून सकाळीच जा, आणि नंतर पुलावरून पलीकडच्या काठाला जाऊन सगळा कडा एकत्र बघा.

दुसऱ्या दिवशी श्वेताश्व मंदिर. परंपरेनुसार इ.स. ६८ मध्ये काश्यप मातंग आणि धर्मरत्न हे दोन भारतीय भिक्षू पांढऱ्या घोड्यावर पोथ्या लादून आले आणि त्यांच्यासाठी हे बांधलं गेलं. दोघांच्या समाध्या आवारात दाखवतात. त्याच परिसरात सांचीच्या धर्तीवरचं एक भारतीय मंदिर आहे. त्याचं उद्घाटन २०१० मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झालं. एप्रिलमध्ये शहरात पिओनी फुलांचा उत्सव असतो, तेव्हा हॉटेलं महाग होतात.

शिआन

दीड-दोन तासांत शिआन उत्तर स्टेशन. चीनच्या पहिल्या सम्राटाच्या थडग्याजवळ पुरलेले मातीचे सैनिक बघायला सगळे येतातच. १९७४ मध्ये विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना ते सापडले. तिकीट पासपोर्ट क्रमांकावर आगाऊ काढा, १२० युआन. आधी दुसरं आणि तिसरं दालन बघा आणि शेवटी पहिलं, म्हणजे भव्यता चढत जाते. फाटकाबाहेर 'मी अधिकृत गाइड' म्हणत येणाऱ्यांना नम्रपणे नकार द्या, आतला श्राव्य मार्गदर्शक पुरतो.

पण मराठी माणसाने शिआनमध्ये खरा वेळ द्यायचा तो मोठ्या हंस मनोऱ्याला. ह्युएन त्संगाने भारतातून आणलेल्या पोथ्या ठेवण्यासाठी तो ६५२ मध्ये बांधला गेला. चिनी लोक त्याला श्वानचांग म्हणतात आणि लहान मुलंही त्याला ओळखतात. हाच माणूस आपल्याकडे चालुक्य राजा पुलकेशीच्या राज्यात येऊन गेला. महाराष्ट्रातली माणसं साधी, मानी, उपकाराची जाण ठेवणारी आणि अपमानाचा सूड घेतल्याशिवाय न राहणारी आहेत, असं त्याने लिहून ठेवलं. पूर्व सीमेवरच्या डोंगरात कोरलेल्या विहारांचं त्याने केलेलं वर्णन अजिंठ्याचं असावं असं अभ्यासक मानतात. मनोऱ्यासमोर त्याचा पुतळा आहे. मंदिरात शिरायचं आणि मनोऱ्यावर चढायचं तिकीट वेगळं. चढा.

संध्याकाळी शहराच्या तटावर जा. पावणेचौदा किलोमीटरचा हा तट पूर्ण फेरी मारता येईल इतका शाबूत आहे, दक्षिण दरवाज्याजवळ सायकली भाड्याने मिळतात. मुस्लिम वस्तीतली मोठी मशीदही बघा. घुमट नाही, उंच मिनार नाही, एकामागून एक चिनी अंगणं आणि लाकडी छपरं.

खाणं, विशेषतः शाकाहाऱ्यांसाठी

शाकाहारी माणसाची चीनमध्ये उपासमार होते, ही समजूत चुकीची आहे. सावध मात्र राहावं लागतं. नुसतं 'मांस नको' म्हटलं तर खिमा, डुकराची चरबी किंवा ऑइस्टर सॉस राहून जातो. चिनी लिपीत सविस्तर चिठ्ठी करून घ्या: मांस, मासे, कोळंबी, अंडी, मांसाचं सूप, चरबी, ऑइस्टर सॉस चालत नाही. बोलताना 'वो छ्र सू' म्हणा, मी शाकाहारी आहे. 'पू ला' म्हणजे तिखट नको. बौद्ध मंदिरांजवळच्या शाकाहारी खानावळींत कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे जैन प्रवाशांनी त्या आधीच नकाशावर शोधून ठेवाव्यात.

मागवायला हे पदार्थ: 'ती सान श्येन', म्हणजे बटाटा, वांगं आणि ढोबळी मिरची. 'थू तौ स', व्हिनेगर-मिरचीतला बटाट्याचा कीस. शिआनला 'ल्यांगफी', गार शेवया, व्हिनेगर आणि मिरचीच्या तेलातल्या. सकाळी 'तौच्यांग' आणि 'यौथ्याओ', गरम सोयादूध आणि तळलेल्या काड्या. माफो तोफूमध्ये बहुधा खिमा असतो. सिचुआन पद्धतीच्या जेवणात जिभेला मुंग्या आणणारं जे दाणेदार मसाल्याचं बोंड लागतं, ते आपल्या कोकणातल्या तिरफळाच्याच वंशातलं. बांगड्याचं तिरफळ घातलेलं कालवण खाल्लेल्याला त्याचा धक्का बसणार नाही.

संध्याकाळी साडेपाच-सहाला जेवण सुरू होतं. रात्री नऊला छोट्या खानावळीची चूल विझलेली असते. घरून भडंग, चटणी, मेथीचे ठेपले न्या. ताजी फळं, भाज्या, मांस आणि दुग्धजन्य पदार्थ सीमाशुल्कात अडवतात, ते नकोत.

माणसांशी वागताना

जेवणाच्या टेबलावर सगळे पदार्थ मध्ये असतात आणि सगळे त्यातून घेतात. एकट्यासाठी एकच थाळी मागवण्यापेक्षा चौघांनी पाच पदार्थ मागवा. काड्या भाताच्या वाटीत उभ्या खोचू नका, ते मृताला दाखवलेल्या उदबत्तीसारखं दिसतं. वस्तू आणि कागद दोन्ही हातांनी द्या-घ्या. वय, पगार, मुलं किती, हे प्रश्न आपुलकीने विचारले जातात. साडी नेसलेल्या बाईंबरोबर फोटो काढायला मुली रांग लावतात. हसून हो म्हणा, मग तुम्हीही त्यांचा फोटो मागू शकता.

सैनिक, पोलीस आणि तपासणी नाक्यांचे फोटो काढू नका. सीमाप्रश्न, तिबेट, तैवान हे विषय अनोळखी माणसाशी काढू नका, समोरच्यालाच त्याचा त्रास होऊ शकतो. हॉटेलात उतरलात तर पोलिसांकडची नोंद हॉटेल करतं. ओळखीच्यांच्या घरी राहिलात तर शहरात चोवीस तासांच्या आत ती तुम्हाला करावी लागते, यजमानांना घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात जा. सार्वजनिक स्वच्छतागृहं बहुतेक भारतीय पद्धतीची असतात, पण तिथे पाणी नसतं आणि कागदही असेलच असं नाही. दोन्ही जवळ ठेवा.

परतीला शांघाय

शिआनहून शांघायला जलद गाडीने सहा-सात तास लागतात. दोन रात्री राहा. 'बंड' नावाच्या नदीकाठच्या रस्त्यावर हिरव्या पिरॅमिडसारखं छप्पर असलेली जी इमारत दिसते, ती १९२९ मध्ये व्हिक्टर ससूनने बांधली. मुंबईचा ससून डॉक आणि पुण्याचं ससून रुग्णालय ज्या घराण्याच्या नावाने आहे, तेच हे घराणं. भारतातून चीनला अफू नेऊन मोठ्या झालेल्या व्यापाऱ्यांत ते अग्रणी होते. चिनी माणसाला तो काळ अपमानाचा म्हणून शाळेत शिकवला जातो, हे मनात ठेवून त्या इमारतींकडे बघा.

शनिवार-रविवारी पीपल्स पार्कमध्ये आईवडील उघड्या छत्र्यांवर मुलामुलींची माहिती लावून बसतात: वय, उंची, शिक्षण, पगार, घर. आपल्या वधू-वर मेळाव्यांची आठवण होईल. फोटो न काढता नुसतं फिरा.

परतीचं आंतरराष्ट्रीय विमान बहुधा पुडोंगहून सुटतं. गाडीचं हाँगछ्याओ स्टेशन शहराच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. त्यामुळे शिआनहून येऊन त्याच दिवशी उड्डाण ठेवू नका. विमानतळावर मॅग्लेव्ह, म्हणजे चुंबकाच्या जोरावर रुळांवर तरंगत धावणाऱ्या गाडीने जायचं असेल तर मेट्रोने लोंगयांग रोडला उतरा, तिथून ३० किलोमीटर अंतर आठ-नऊ मिनिटांत होतं. मोठं सामान आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर हॉटेलच्या दारातून टॅक्सीच घ्या.